बोटं काळी करणारा दगड

पळसाच्या जंगलापलीकडे मँगनीजची खाण आहे. तिथल्या एका इवल्याशा झोपडीत फुलवंता राहायची. तिची माय खाणीवर दगड निवडायची. तीन दिवसांपूर्वी माय तापानं गेली, आणि धाकट्या सोमानं अन्नाला तोंडच लावलं नाही. बाबांनी गूळ दिला, गोंजारलं, पण पोरगं ओठ उघडेना. त्याला आवडतात म्हणून फुलवंता बोरं शोधायला जंगलात गेली आणि पळसाखाली बसून रडू लागली.

तेवढ्यात एका केशरी फुलातून टीचभर परी उतरली. निळेनिळे पंख, पायात दवाचे पैंजण. तिनं तीन खडे मांडले. एक चमचमता अभ्रक, एक लालचुटुक, आणि एक मऊ, काळा.

"सगळ्यात मोलाचा ओळख," परी म्हणाली. "तुझी एक इच्छा पुरी करीन. एकच हं, बाळ."

फुलवंताचा हात आधी चमचमत्या खड्याकडेच गेला. काळा मऊ दगड खाणीवर सगळे माती समजून फेकून द्यायचे. पण माय आधी तो खापरीवर घासून बघायची. फुलवंतानं मायसारखीच मडक्याची खापरी घेतली आणि एकेक खडा घासला. अभ्रकाचे पापुद्रे सुटले. लाल खड्यानं खापरीच खरवडली. काळ्यानं मात्र दाट काळी रेघ ओढली, बोटंही काळी केली. कोळसा असता तर हलका लागला असता. हा चांगला जड होता.

"हाच," ती म्हणाली.

परी हसली. हा मँगनीजचा दगड, वितळत्या हिरवट काचेत चिमूटभर घातला की ती पाण्यासारखी नितळ होते, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, काय हवं?

"मले माय पायजे."

परीचे पंख मिटले. गेलेलं माणूस राहायला परत येत नाही, ती हळूच म्हणाली. क्षणभर दिसेल, तेही एकालाच.

फुलवंताला मायला बघायचं होतं. फार फार बघायचं होतं. मग तिला सोमाचे घट्ट मिटलेले ओठ आठवले.

"मंग सोमाले दिसू दे," ती म्हणाली.

परी तिच्या ओंजळीत बसून झोपडीत आली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली. फुलवंताला नुसता उजेड दिसला. सोमा मात्र उठून बसला, खुदकन हसला, त्यानं दोन्ही हात वर केले. मग उजेड मावळला.

"ताई, भूक लागली."

फुलवंतानं भात कालवला आणि घास भरवता भरवता विचारलं, "माय काई बोलली का रे?"

"हो. म्हने, ताईले बी भरव."

फुलवंताही तीन दिवसांची उपाशी होती. ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सोमानं आपल्या चिमुकल्या मुठीत घास घेतला आणि तिच्या तोंडापाशी धरला.