हामानाच्या सोंगानं आणलेली झोप

एका राज्यात झोप नव्हती.

पूर्वी होती, चांगली भरपूर होती. दुपारचं जेवण झालं की राजा डाव्या कुशीवर, प्रधान उजव्या कुशीवर आणि पहारेकरी भाल्याला टेकून उभ्याउभ्या झोपत. अशाच एका दुपारी डोंगरावरच्या जादूगाराची पालखी नगरातून निघाली. आपण दिसलो की सगळ्यांनी उठून वाकावं, असा त्याचा दंडक. त्या दुपारी उठलं कोण? एक कुत्रं उठलं, तेही कूस बदलून पुन्हा झोपलं. जादूगाराला राग आला. त्यानं राज्यातली सगळी झोप गोळा केली, तांब्याच्या घागरीत कोंबली, घागर वेशीच्या पारावर ठेवली आणि तिच्या गळ्यावर आपलं नाव कोरलं. राखणीला वर एक साळुंकी बसवली.

साळुंकी माणसासारखी बोले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "हे नाव एकाच तोंडानं तीनदा मोठ्यानं घ्या. घागर फुटेल. पण नाव ज्याच्या कानी पडेल, त्याचा दगड होईल."

सेनापती आला, नाव घेतलं, दगड झाला. राजवैद्यानं कानांत मेण भरलं. पण आपला आवाज आपल्याला आतूनही ऐकू येतो, हे त्याला दगड होता होता कळलं. मग कोणीतरी ठार बहिरे आजोबा आणले. ते ठार बहिरे नव्हते, सुनेचं बोलणं तेवढं त्यांना ऐकू येत नसे. तेही पाराशी दगड होऊन बसले.

त्यानंतर कोणी आलं नाही. राज्य नुसतं जागं राहिलं. भाकऱ्या तव्यावर करपत. भांडणं सुरू होत आणि कशावरून ते न आठवून मधेच थांबत. राजा सिंहासनावर जांभया देई, पण जांभईच्या पुढे काही येत नसे.

नगराच्या समुद्राकडच्या अंगाला यहुदी तेल्यांची आळी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारी, बाकीचे दिवस बैलांच्या मागे गोल फिरणारी माणसं. त्या आळीत मिल्काबाई राहत असे. चाळिशी ओलांडलेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली. तिची लेक रिवका बाळंतपणाला माहेरी आली होती. झोप गेल्यावर जन्मलेली तिची मुलगी एकदाही झोपली नव्हती. पोर रडत नसे, हसत नसे, नुसती आढ्याकडे बघत असे. अंग दिवसेंदिवस हलकं होत चाललेलं.

सुईण म्हणाली, "मिल्काबाई, मूल दुधावर अर्धं वाढतं आणि झोपेवर अर्धं. ही अर्धीच वाढते आहे. फार दिवस नाही वाढायची."

अशात पुरीमचा सण आला. फार पूर्वी परमुलखात हामान नावाच्या प्रधानानं या लोकांच्या पूर्वजांना मारायचा घाट घातला होता आणि एस्तेर राणीनं त्यांना वाचवलं होतं. त्याची आठवण म्हणून आळीत दर वर्षी सोंगं निघत. राणी व्हायला पुरुषांची भांडणं लागत, कारण तिला शालू, नथ आणि गजरा. गेली कित्येक वर्षं मिल्काबाईचा नवरा एलोजी दाढीसकट राणी होई. हामान व्हायला मात्र कोणी नसे. त्याच्या वाट्याला शिव्या आणि नासकी वांगी. मग सगळे म्हणत, मिल्काबाई आहेच की. आणि मिल्काबाई असेच. घरात असे, घाण्यावर असे, आणि कापसाच्या मिशा लावून पटांगणातही असे.

त्या सोंगाचा एक नियम होता. हामान मिशीला पीळ देऊन स्वतःचं नाव सांगू लागला की सगळ्यांनी कढया, पळ्या, पराती बडवायच्या, म्हणजे ते पापी नाव कोणाच्या कानी पडू नये.

सणाच्या सकाळी मिल्काबाई मिशा चिकटवत होती. हात मधेच थांबला.

"अहो," ती म्हणाली, "इतकी वर्षं ते नाव मी घसा फोडून घेते. ते माझ्या तोंडून कसं ऐकू येतं?"

एलोजी नथ अडकवत होता. "मला काय माहीत? मी तेव्हा परात बडवत असतो."

"मलाही माहीत नाही," मिल्काबाई म्हणाली. "मला कधी ऐकूच आलं नाही."

दोघांनाही एकदमच वेशीवरची घागर आठवली. मग एलोजीनं नथ काढून ठेवली आणि पुन्हा घातली, कारण राजवाड्यावर जायचं तर राणी म्हणून गेलेलं बरं दिसेल, असं त्याला वाटलं.

राजानं ऐकून घेतलं. विचारलं, "चुकलं तर?"

"तर पाराशी आणखी दगड, महाराज," मिल्काबाई म्हणाली. "आम्ही तसेही अर्धे झालोच आहोत."

"आम्हीही येऊ," राजा म्हणाला. "इथे बसून तरी काय करतो आहोत."

दुपारी सगळं नगर वेशीवर आलं. चालत म्हणण्यापेक्षा ओढत आलं. आळीतले लोक पुढे कढया घेऊन बसले, मागे दरबार, शेवटी पहारेकरी. रिवका पोरीला झोळीत घालून पहिल्या रांगेत बसली. मिल्काबाईनं घागरीवरचं नाव मनातल्या मनात वाचलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोंग सुरू झालं. एलोजी राणी लाजली, लोकांनी जांभई दिली. मग हामान आला, घागरीपाशी उभा राहिला आणि जादूगाराचं नाव मोठ्यानं घेतलं.

आता बघा, चूक कुठे झाली. जन्मभराची सवय अशी, की नाव सुरू झालेलं ऐकायचं आणि मग बडवायचं. हामानाचं नाव ऐकून दगड होत नाही, त्यामुळे इतकी वर्षं चालून गेलं होतं. इथे पहिलं अक्षर मोकळ्या हवेत सुटलं, मग कढया वाजल्या. मिल्काबाईच्या डाव्या करंगळीचं नख दगडाचं झालं. बाकीच्यांत एलोजी सगळ्यांत जवळ होता. त्याचा उजवा कान दगडाचा झाला आणि मान त्या बाजूला कलंडली.

"एक," साळुंकी म्हणाली.

"दुखतंय का हो?" मिल्काबाईनं विचारलं.

"नाही. जड आहे. नथ आणखी जड घालायला हवी होती, तोल राहिला असता."

दुसऱ्या खेपेला खूण ठरली. हामानानं मिशीला हात लावला की नावाआधीच बडवायला लागायचं. पण मिल्काबाईला आला घाम, कापसाची मिशी लागली सुटायला. ती सावरायला तिनं हात वर नेला आणि सगळ्यांनी बडवायला सुरुवात केली. तिनं घाईनं नाव घ्यायला तोंड उघडलं, तोवर थकलेले हात खाली येऊ लागले होते. नावाचं शेपूट उघडं पडलं. ते ऐकलं ती एकटीच. तिचा डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत दगडाचा झाला.

"दोन," साळुंकी म्हणाली. मग म्हणाली, "बाई, इथेच सोडा. पुढचं नाव पुरतं ऐकू येईल. यांच्यात आता जोर नाही."

खरंच नव्हता. कढया मांडीवर पडल्या होत्या. कोणी पळीवर हनुवटी टेकली होती. राजा मुकुट काढून कपाळ चोळत होता. रिवकानं वरही पाहिलं नाही. ती पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास आहे की नाही ते बघत.

मिल्काबाईनं ते पाहिलं. तिच्या मनात आलं, खुणा करून, विनवण्या करून हे लोक उठायचे नाहीत. विनवणीनं आजवर कोणी उठलंय? घरात तरी उठलेलं तिनं पाहिलं नव्हतं. माणूस उठतं ते चिडलं की. आणि लोकांना चिडवणं एवढी एक विद्या तिनं इतकी वर्षं, वांगी खात खात, कमावली होती.

हामानानं सोंगाच्या सामानातली बाज ओढली. वर गोधडी पसरली. दगडाचा हात उशाला घेतला आणि गोधडीत शिरून पाय ताणले.

"चला," हामान म्हणाला, "आपण झोपू."

नगर बघत राहिलं.

"काय मऊ गोधडी ही. डोळे कसे आपोआप मिटतायत. महाराज, तुमच्या वाटणीची झोपही मीच घेतो हं. तुम्हाला काय, बसायची सवय आहे."

राजा सावरून बसला.

"प्रधानजी, जागे आहात ना? राहा. कोणीतरी राहायला हवं." हामानानं एक लांब, भरलेली, तृप्त जांभई दिली. मग तो घोरू लागला. साधं नाही, अगदी पोटभर जेवून सावलीत पडलेल्या माणसासारखं, शेवटी शीळ निघेल असं.

पहिल्या रांगेत हालचाल झाली. हामानानं एक डोळा उघडला, झोळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आणि त्या पोरीला जरा गप्प ठेवा. माझी झोप मोडेल."

पोर तर रडतसुद्धा नव्हती.

रिवका उठली. समोर आपली आई आहे, मिशी कापसाची आहे, गोधडी आपल्याच घरची आहे, यातलं तिला काही दिसलं नाही. तिनं परात उचलली. "ऊठ मेल्या," ती म्हणाली, आणि घाव घातला. तिच्यामागे आळी उठली. कढया, उखळी, घाण्याचं लाकूड, जे हाती लागलं ते. पहारेकरी ढालींवर भाले आपटू लागले. प्रधान पाय आपटू लागला. राजानं मुकुट दगडी पायरीवर असा बडवला की त्यातली रत्नं उडाली, आणि कोणी वेचायला वाकलं नाही. न झोपलेल्या सगळ्या रात्री त्या आवाजात होत्या. झाडांवरून पानं गळली. आवाज थांबेना. थांबवणारं कोणी नव्हतं, खूण कोणी मागत नव्हतं.

त्या गदारोळात, गोधडीखाली, मिल्काबाईनं तोंड उघडलं आणि जेवढा घसा होता तेवढ्यानं नाव घेतलं. तिला ते ऐकू आलं नाही.

साळुंकीची चोच हलली. तेही कोणाला ऐकू आलं नाही, पण घागर उभी चिरली.

आतून झोप निघाली. धुक्यासारखी जमिनीलगत पसरली. पुढचे आधी पडले, मग मागचे. राजा पायरीवर, प्रधान राजाच्या पायांवर. पाराशी असलेले दगड माणसं झाले. आजोबांनी "काय झालं?" विचारलं आणि उत्तर न ऐकताच ते झोपले. एलोजीचा कान मऊ झाला, तसा तो शालू आवरून तिथेच लवंडला. डोंगरावर जादूगाराचं नाव पुसलं गेलं. आपण कोण, हे त्याला आठवेना, मग राग तरी कोणाच्या नावानं धरायचा? तोही झोपला.

मिल्काबाईचा हात पुन्हा मांसाचा झाला, मुंग्या आल्यासारखा. ती झोपायला गोधडीत वळली, आणि उठली.

झोळीतली पोर जागीच होती.

तिच्यावरून धुकं गेलं होतं, पण कधी झोपलीच नव्हती, तर आलेल्या झोपेचं काय करायचं हे तिला कसं कळणार? ती डोळे उघडे ठेवून बघत होती. शेजारी रिवका परातीवर डोकं टेकून गाढ झोपली होती.

"बाई, तुम्ही नाही झोपत?" साळुंकीनं विचारलं.

"हिला झोपवते, मग," मिल्काबाई म्हणाली. पापण्या तिच्या ओढत होत्या. तिनं पोरीला मांडीवर घेतलं. अंगाई आठवेना, डोक्यात नुसतं सोंग भरलेलं. म्हणून तिनं हामानाच्याच आवाजात, पण अगदी हळू, एक जांभई देऊन दाखवली. पोरीनं मिशीकडे पाहिलं. मिल्काबाईनं दुसरी दिली, ती खरीच आली. पोरीचं इवलंसं तोंड उघडलं, वाकडं झालं, मिटलं. तिनं एकदा मिशी मुठीत धरली. मूठ सैल पडली.

मिल्काबाईनं तिच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास येत होता, संथ, खोल.

साळुंकीनं मान पंखात घातली.

पुढे राजा उठला, राज्य चालू लागलं, करपलेल्या भाकऱ्या बंद झाल्या. पोर वाढली, आणि चांगली उशिरापर्यंत झोपणारी निघाली. त्यांची झोप जशी त्यांना मिळाली, तशी तुमची तुम्हाला मिळो, आणि डोळा लागल्या लागल्या कोणी हाक न मारो.