दमणीची चाकं

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक गाडीसुतार राहायचा. घाट असा नाठाळ, की उतरून आलेल्या दर दहा गाड्यांतली एक तरी लंगडत यायची. कुणाच्या चाकाचा आरा निखळलेला, कुणाची लोखंडी धाव सुटलेली, कुणाचा कणाच मोडलेला. मग गाडीवान सुताराच्या अंगणात येऊन म्हणायचा, "दादा, हातासरशी एवढं करून टाका."

सुतार करून टाकायचा. त्याच्यासारखा कसबी हात पंचक्रोशीत नव्हता, आणि त्याच्यासारखा खुळाही नव्हता. कारण तो लाकडाचे पैसे घ्यायचा, लोखंडाचे घ्यायचा, पण मजुरीचा एक छदाम घ्यायचा नाही. त्याचा बाप सांगून गेला होता, "लाकूड आपण विकत आणतो, त्याचं मोल घ्यावं. हात देवाने फुकट दिलेत, त्यांचं काय घ्यायचं?" बाप बोलून मोकळा झाला आणि लेकाने ते गाठीला बांधलं. लोक म्हणायचे, सुतार म्हणजे देवमाणूस. देवमाणूस म्हटलं की फुकट राबवून घ्यायला बरं पडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सुताराची बायको केव्हाच वारली होती. एकुलती एक लेक, साळू, घाटापलीकडच्या गावी दिली होती. त्या मुलखात रीत अशी, की आखाजीच्या सणाला लेकींनी माहेरी यायचं, निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची. पण लेकीने आपली आपण निघून यायचं नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला गेलं पाहिजे. त्या माणसाला मुराळी म्हणायचे. साळूला भाऊ नव्हता, काका नव्हता. होता तो एक बाप.

सासरी निघताना ती त्याला बिलगून म्हणाली होती, "बाबा, मुराळी म्हणून तुम्हीच या. भाड्याची गाडी नको. तुमच्या हातची दमणी आणा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोर कोरा."

सुताराने दुसऱ्याच दिवशी दमणी करायला घेतली. हलकी, वरून छत असलेली, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. महिन्याभरात सांगाडा उभा राहिला, मोरही नाचायला लागले. मग त्याने बाभळीची दोन चाकं घडवली. एकेका चाकाला आठ आठ दिवस लागले. आखाजीला आठवडा उरला होता आणि नेमकी एका वऱ्हाडाची गाडी चाक मोडून दारात आली. "दादा, मुहूर्त टळेल हो," म्हणून नवरदेवाचा मामा हात जोडून उभा राहिला. सुताराने दमणीचं चाक काढून त्यांच्या गाडीला लावलं. मामाने लाकडाचे पैसे दिले, तोंड भरून आशीर्वाद दिले. ती आखाजी गेली.

पुढल्या वर्षी कुंभाराने चाक नेलं. त्याच्या पुढल्या वर्षी तेल्याने दोन्ही नेली. साळूचं पहिलं बाळंतपणही तिकडेच झालं, कारण तेव्हा सुतार तीन गाड्यांत गळ्यापर्यंत बुडाला होता. पाच वर्षांत त्या दमणीची नऊ चाकं लोकांच्या गाड्यांना लागली आणि दमणी आपली दगडांवर टेकून अंगणात उभी.

संध्याकाळ झाली की सुतार घाटाच्या शेवटच्या वळणाकडे तोंड करून बसायचा. गाडी उतरताना दिसली की पदर दिसतो का बघायचा. येणार कशी, न्यायला कुणी गेलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तरी डोळे तिकडेच लागायचे. झोक्याचा दोर त्याने खुंटीला टांगून ठेवला होता. जाता-येता तो त्या दोराला हात लावायचा आणि त्याचा जीव तुटायचा.

सहाव्या आखाजीला दोन महिने असताना घाटापलीकडून एक कासारीण बांगड्या विकत आली.

"तुमच्या साळूच्या लेकीला बांगड्या भरून आले, दादा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच भरल्या. चार वर्षांची झाली की पोर."

सुताराचा लाकूड तासायचा वाकस हातातच राहिला. त्याच्या मनात नात अजून पाळण्यातच होती.

"साळू काही म्हणाली का?"

"म्हणाली, या आखाजीला वाट बघेन. पुढल्या वर्षापासून बघायची नाही म्हणून मनाला समजावून टाकेन." कासारणीने टोपली डोक्यावर घेतली. "दादा, एक चाक करायला किती दिवस लागतात?"

"आठ."

"आणि घाट ओलांडून लेकीला आणायला?"

"चार."

"म्हणजे एका चाकात दोन आखाज्या झाल्या की," असं म्हणून ती निघून गेली.

सुतार तिथेच बसून राहिला. नऊ चाकं गेली होती. लाकडाचे पैसे सगळ्यांनी चोख दिले होते. दिवसांचं मोल कुणी दिलं नव्हतं, कारण त्याने ते कधी मागितलंच नव्हतं. आता मजुरी लावायची तर किती लावायची? त्याने दोन दिवस विचार केला. सहा दिवस राबल्यावर सातव्या दिवशी हात न हलवताही चूल पेटली पाहिजे. भट्टीचा कोळसा आणि हत्यारांची झीज भरून निघाली पाहिजे. आणि वर्षातून चार दिवस घाटापलीकडे जाता आलं पाहिजे. एवढं ज्यात बसेल ती आपली मजुरी, असं त्याने ठरवलं आणि येईल त्याला सांगू लागला.

गाव कुरकुरलं. "देवमाणसाला हाव सुटली," असंही कुणी बोलून गेलं. पण गंमत बघा. ज्यांची गाडी खरोखर मोडली होती त्यांनी मुकाट मजुरी दिली, आणि हातासरशीवाले आपापल्या घरी पाचर ठोकायला शिकले. सुताराचे हात मोकळे झाले. दमणीला पुन्हा दोन चाकं चढली.

शेजाऱ्याचे बैल जुंपून सुतार निघणार, तोच गुळाच्या व्यापाऱ्याची गाडी अंगणात येऊन कलंडली. चाकाचे तीन तुकडे झाले होते.

"सुतारदादा, हे दमणीचं चाक द्या. लाकडाचे दुप्पट पैसे देतो. वर तुमची ती नवी मजुरीही देतो."

सुताराचा हात सवयीने चाकाकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"शेठ, या चाकाचे दिवस लेकीला आधीच दिलेले आहेत. पाच वर्षं झाली देऊन. तुमचं चाक मी आल्यावर करीन. मजुरी ठरली आहे तीच पडेल, जास्त नको."

व्यापारी बडबडत राहिला आणि दमणी घाटाला लागली.

दुसऱ्या दिवशी ती साळूच्या दारात उभी राहिली. साळू बाहेर आली. आधी तिने मोरावरून हात फिरवला, मग बापाकडे बघितलं. तिच्या पाठीमागून एक लहानगी बांगड्यांचा हात पुढे करून या अनोळखी म्हाताऱ्याला न्याहाळत होती.

"बाबा, इतकी वर्षं कुठे होतात?"

"लोकांच्या गाड्या मोडत होत्या गं."

साळू म्हणाली, "तर मीच एखादी मोडकी गाडी घेऊन तुमच्या दारात यायला हवं होतं, बाबा. त्याच दिवशी भेटला असतात."

सुताराने नातीला उचलून दमणीत बसवलं.

आखाजीला अंगणातल्या निंबाला झोका बांधला. खुंटीवरचा दोर तोवर कुजून गेला होता, म्हणून नवा आणावा लागला.

तात्पर्य: आपल्या हातांच्या दिवसांचं मोल आपणच केलं नाही, तर ते दिवस येणारा-जाणारा घेऊन जातो, आणि त्याची किंमत आपली वाट बघणारं माणूस भरत राहतं.