समजा, पाणी सात हात

त्या प्रदेशात नदी होती, नदीला बांध होता, आणि बांधाखाली साठ बिळं होती. बिळांत राहणाऱ्यांना पाण्यापेक्षा पाण्याच्या विचाराची भीती जास्त वाटे, म्हणून तो विचार करायचं काम त्यांनी एका टिटवीकडे सोपवलं होतं.

व्यवस्था जुनी होती. बांधाजवळ एक उंच खांब, खांबाला दहा खाचा. टिटवी एरवी दुसऱ्या खाचेवर उभी असे, कारण नदीचं पाणी एरवी दोन हात असे. तिच्या पायाला बांधलेली दोरी साठही बिळांच्या झडपांपर्यंत गेलेली होती. वर्षातून एकदा, भर दुपारी, बगळेमहाराज विचारत, "बांधाचे वरचे चार थर काढले तर?" मग कारकून साळिंदर पुकारा करी, "समजा, पाणी तीन हात." टिटवी डोळे मिटून तिसऱ्या खाचेवर चढे आणि तेवढं पाणी खरं मानी. दोरी ओढली जाई. जी बिळं बुडाली असती त्यांच्या झडपा धाडकन पडत. उघड्या राहिलेल्या झडपा मोजून साळिंदर आपल्याच अंगच्या काट्याने मातीच्या फळीवर आकडा कोरी आणि म्हणे, "झालं. दोनवर ये." झडपा पुन्हा उघडत. मग चार हात, पाच हात, असं दहापर्यंत. शेवटी सगळं होतं तसं होई. बिळांतल्यांना काय, नुसती झडप वाजलेली कळे.

टिटवीवरून मात्र आठ पूर गेलेले असत.

फळीवरच्या कोष्टकात दरवर्षी साधारण तेच उतरे. दोन हातांना साठ, पाचांना एकेचाळीस, सातांना बारा, दहांना शून्य. ते पाहून महाराज मान आखडून घेत आणि थर जागच्या जागी राहत. त्या दगडांचा त्यांना उभं राहायला चौथरा हवा होता.

सातव्या खाचेवर टिटवी दरवर्षी किंचाळे. तिचं घरटं, म्हणजे चार अंडी आणि भोवती खडे, बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं.

"अगं बाई, नुसतं समजा म्हटलंय!" बिळातून घूस म्हणे. "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ही जात. हिच्यावर काय भरवसा ठेवायचा?"

यंदा पुकारा व्हायच्या आधीच टिटवी थरथरत होती. दोरी कातडीत रुतून पाय सुजला होता.

"काका, जरा सैल कराल?"

साळिंदराने पाय पाहिला. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याचं काम झडपा मोजायचं. दोरी कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ही उडून जाऊ नये म्हणूनच असणार, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"तू कुठे पळून जाणारेस, पोरी," म्हणत त्याने गाठ सोडली आणि दोरी दुसऱ्या खाचेजवळच्या खुंटीला नीट, घट्ट बांधली.

"समजा, पाणी तीन हात."

टिटवी चढली. काही ओढलं गेलं नाही. साळिंदराने मोजून साठ लिहिले. चार हातांना साठ. पाच हातांना साठ. सातव्या खाचेवर तिने किंचाळीची वाट पाहिली, पण ती आलीच नाही. मिटल्या डोळ्यांसमोर पाणी होतं, पाण्यात चार अंडी होती, आणि ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी दिसत होती. दहा हातांनाही साठ.

इतकं एकसारखं कोष्टक आजवर झालं नव्हतं.

"बघा!" घूस म्हणाली. "हिची रड थांबली की उत्तर कसं सरळ येतं!"

"महाराज," टिटवी म्हणाली, "एकदा परत..."

बगळ्याने एक डोळा तिच्याकडे वळवला. "आता आणखी काय?"

तिने पायाकडे पाहिलं. दोरीचा वळ होता, पण पाय हलका झाला होता. किती वर्षांनी.

"काही नाही," ती म्हणाली.

चार थर निघाले. चौथरा झाला. तिथून महाराजांना लांबवरचं दिसू लागलं असं म्हणतात, पण ते बहुतेक मासेच बघत.

मग एका सकाळी पाणी तीन हात झालं. दुपारी पाच. झडपा सताड उघड्या होत्या आणि पाणी त्यांतूनच आत शिरलं. भिजलेली घूस खांबाला बिलगून वर बघत ओरडली, "अगं टिटवे, ओरड ना! बघतेस काय नुसती?"

टिटवी बघत नव्हती. रिवाजाप्रमाणे डोळे मिटून ती पाण्यासोबत एकेक खाच वर चढत होती. दोरी खाली खुंटीवर, पाण्याच्या तळाशी, तशीच ताठ होती. खांबाला टेकवलेल्या फळीवरची माती विरघळू लागली, आणि सगळ्यांत आधी सगळ्यांत खालची ओळ गेली. दहा हात, साठ. मग नऊ हात, साठ. पायथ्याच्या खड्यांतून पहिलं अंडं अलगद वर उचललं गेलं, मागोमाग दुसरं.

सातव्या खाचेवर टिटवी अगदी शांत उभी होती, आणि साळिंदर कधी "झालं, दोनवर ये" म्हणतो याची वाट पाहत होती.