दोन पहारेकरी

संगणकावर घरोघरी कापडी झाकण घालायचे, त्या दिवसांतली गोष्ट. इरावतीचा संगणक सुरू होताच गोठायचा. "संध्याकाळपर्यंत नाही चालला तर सगळं पुसावं लागेल," असं दुरुस्तीवाला सांगून गेला. आत तिचा दोन वर्षांचा प्रबंध होता! संगणकाला धडकीच भरली.

इरावतीने त्याला सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या मंडळींसह उठवलं. पडदा, कीबोर्ड, माउस एवढेच आत.

"आम्ही काय परके?" स्पीकर बाहेरून फणकारला.

"थांब रे जरा," संगणक कसाबसा म्हणाला.

पडदा उजळला. अक्षरं थोराड, रंग फिके, पण काही गोठलं नाही. संगणक आणखीच घाबरला. म्हणजे दोषी बाहेरच्यांतला कुणीतरी!

मग इरावतीने एकेकाला आत बोलावलं. स्पीकर आला, प्रिंटर आला, काही बिघडलं नाही. शेवटी व्हायरस अडवणारे दोन पहारेकरी आले. एक जुना, दुसरा इरावतीने मागच्याच आठवड्यात, एक पुरेल की नाही या धास्तीने ठेवलेला.

"आधी तुझी झडती," नवा म्हणाला.

"माझी? चोरासारखा तर तू दिसतोस!"

दोघं दारातच एकमेकांचे खिसे उलटेपालटे करू लागले. संगणक पुन्हा गोठायला लागला.

"अहो, पण या आठवड्यात चोर आला होता का?" कीबोर्डने विचारलं.

दोघांपैकी कुणी बघितलंच नव्हतं.

इरावतीने नव्याला निरोप दिला. प्रबंध उघडला. आणि एकटा उरलेला जुना पहारेकरी कितीतरी दिवसांनी दाराबाहेर बघत उभा राहिला.