नावासकट गाणं

मीठ बैलांच्या पाठीवरून गावोगाव जात असे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात भिवरा नावाची बाई मिठागरात राबत होती. मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. हे करता करता ती गाणी रचायची.

गाणी पुष्कळ जण रचतात. भिवराची रीत मात्र ऐकण्यासारखी होती. गाणं जुळलं की ती ते बायकांना टोपल्या वाहताना म्हणायला लावी आणि स्वतः गप्प राहून त्यांच्या पावलांकडे बघे. पाऊल अडखळलं की तिला कळे, इथे शब्द चुकला. एकदा तिने ऐटीत ‘लवण’ असा शब्द घातला. बायका दर खेपेला नेमक्या तिथेच थबकू लागल्या. दुसऱ्या दिवशी भिवराने मुकाट्याने ‘मीठ’ केलं. एकेका ओळीवर ती अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत घासाघीस करी. मनासारखं झालं, की शेवटच्या कडव्यात ‘भिवरा म्हणे’ असं नाव गुंफून टाकी.

ही विद्या तिला गावच्या रखमाजी कुंभाराने शिकवली होती. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्यांच्या गाण्यांवर दोन पिढ्या वाढल्या होत्या. पण एका वर्षी त्यांची बायको अंथरुणाला खिळली. राजगायकाने वैद्य पाठवला आणि बदल्यात तात्यांची सगळी गाणी आपल्या गायनशाळेच्या नावे करून घेतली. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी निशाणी केली. बायको बरी झाली, गाणी गेली.

गेली म्हणजे काय, हे तात्यांना लेकीच्या लग्नात कळलं. हळद लागत होती. तात्यांनी आपलंच हळदीचं गाणं धरलं, तोच गायनशाळेचा शिपाई मांडवात आला.

“हे गाणं शाळेचं आहे. परवानगी काढलीत का?”

“अरे, माझ्या लेकीसाठीच रचलंय मी ते!”

“रचलं असेल. आता तुमचं नाही.”

तात्या मध्येच थांबले. ओठ नुसतेच हलत राहिले. मांडवात कुणाला कुणाकडे बघवेना. मग भिवरा उठली, नवरीच्या गालाला हळद लावली आणि आपलं गाणं म्हणू लागली. हळद पार पडली, पण त्या दिवसापासून तात्यांनी गाणं सोडलं.

पुढच्याच वर्षी वादळात भिवराच्या झोपडीचं छप्पर उडालं. दोन लेकींना घेऊन ती शेजारणीच्या ओसरीवर राहू लागली. हे कळताच राजगायक स्वतः आला.

“भिवरा, राजधानीत तुला पक्कं घर देतो. तुझी गाणी मला दे. फक्त शेवटच्या कडव्यातलं तुझं नाव काढून माझं घालीन.”

भिवराने ओसरीवरच्या लेकींकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, “बुवा, गाणी गायला न्या. वर्षभर गा, राजापुढे गा. पण गाणी माझीच राहतील. शेवटचं कडवं माझ्या नावासकट गायचं, बिदागीत माझा वाटा ठेवायचा, आणि इथल्या बायकांना कुणी अडवायचं नाही.”

राजगायक हसला. “टोपल्या वाहणारी बाई मला अटी घालते! माझ्यावाचून तुझं गाणं जाईल कुठे? या खाऱ्या पाण्यातच विरघळेल.”

तो गेल्यावर शेजारीण चिडली. “अगं, नाव काय खायचंय? पोरींच्या डोक्यावर छप्पर नको का?”

“हवं ना,” भिवरा म्हणाली. “पण आज दिलं तर उद्या रचलेलंही माझं राहणार नाही.”

एवढं बोलून ती स्वस्थ बसली नाही. मीठ भरायला लमाणांचे तांडे यायचे. त्यांच्यातल्या बायकांशी तिने ओळख वाढवली. बैलांची चाल बघून गाण्यांचा ठेका सैल केला, वाटेवर म्हणता येतील अशी गाणी रचली आणि एकच बोली केली, “कुठेही गा, पण शेवटचं कडवं गाळू नका.” त्यांनी शब्द पाळला. मीठ घाट चढलं, तसं गाणंही चढलं. परत येताना तांडे कधी धान्य आणीत, कधी कापड. गाणं ऐकून लोकांनी भिवरासाठी दिलेलं. त्यातूनच तिने नवं छप्पर घातलं.

तीन वर्षांनी राजाकडे घाटावरचे पाहुणे आले. मैफलीत ते म्हणाले, “ते भिवराचं गाणं होऊ द्या.” राजगायकाला ते येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मिठागरात आला आणि तिच्या सगळ्या अटी त्याने मान्य केल्या.

“आणखी एक,” भिवरा म्हणाली. “तात्यांची गाणी परत करा.”

राजगायकाने मान खाली घातली. “ती शाळेच्या नावे राजदप्तरात चढली बाई. आता माझ्याही हातात नाहीत.”

भिवरा तशीच तात्यांकडे गेली. “तात्या, जुनी काही परत येत नाहीत. नवं रचा.”

“या वयात, पोरी?”

“गाणी विकलीत. रचणारा कुठे विकलाय?”

तात्या चाकाच्या ठेक्यावर गुणगुणू लागले. आठ दिवसांनी त्यांनी मिठागरातल्या बायकांना एक नवं गाणं दिलं. बायका टोपल्या घेऊन चालू लागल्या. एकही पाऊल अडखळलं नाही. शेवटचं कडवं आलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, ‘रखमाजी म्हणे’. तात्यांनी मातीच्या हातांनीच डोळे पुसले.

तात्पर्य : आपलं गाणं जगाला खुशाल गाऊ द्यावं, पण त्यावरचं आपलं नाव आणि हक्क अडचणीतही विकू नये.