एवढा डाव

"रक्त नाही, शिवीगाळ नाही, पैशाची बाजी नाही. मग हा पत्त्यांचा खेळ पोरांना द्यायला हरकत काय, बाबा?"

यशोधन सावळे सरांनी टॅबलेट फकीर हैदरबाबांच्या बाजेवर ठेवला. जिल्ह्यातल्या शाळांमधून पोरांच्या हाती कोणते खेळ द्यायचे, हे सर ठरवत. उद्या या खेळावर त्यांचा शब्द पडायचा होता. तो काय पडणार, हे घरून निघतानाच पक्कं होतं. इथं ते आले होते नुसती पाठीवर थाप घ्यायला.

बाबा तापानं फणफणले होते. सेवेकरी औषध आणायला गावात गेला होता. जाताना सरांना बजावून गेला होता, "बाबांना उठू देऊ नका. पायात त्राण नाही. पाणी मागतील तेवढं द्या."

"काय शिकतील पोरं यातनं?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"एकाग्रता! स्मरणशक्ती! सगळा अभ्यास केलाय मी, बाबा."

"खेळलास?"

सर अडखळले. "खेळायला कशाला हवं... नियम वाचलेत ना सगळे."

बाबा हसले. हसता हसता खोकले.

"मग खेळ की. मी आहेच इथं."

पडद्यावर उजेड मारतो म्हणून सर भिंतीकडे तोंड करून बसले. पहिला डाव सहज जिंकले. दुसराही. तिसरा मात्र एका पानानं गेला. छे! हे काय खेळणं झालं? सरांना चांगलाच राग आला. तोवर नवी पानं आपोआप वाटूनही झाली होती. आता फक्त इस्पिकचा एक्का निघू दे, मग दाखवतोच याला!

...

धप्पकन आवाज झाला.

सरांनी मागं पाहिलं. बाज रिकामी होती. माठाजवळ बाबा आडवे पडले होते, उजवा हात अंगाखाली वाकडा अडकला होता. तांब्या उंबऱ्यापर्यंत गडगडत गेला होता.

"बाबा! अहो, हाक तरी मारायचीत!"

"मारली की."

"ऐकू नाही आली मला, शपथ..."

"आली." बाबांचे ओठ सुकून फुटले होते. "दर हाकेला 'आलोच, बाबा' म्हणालास."

सरांना काही म्हणजे काही आठवेना. त्यांना स्वतःचीच भीती वाटली, आणि लाजेनं मान वर करवेना. त्यांनी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी पाजलं. हात सोडवायला गेले तसे बाबा कळवळले. मनगट मोडलं होतं.

भिंतीपाशी टॅबलेट मजेत वाजतच होता.

"बाबा... मी उद्या शाळांना काय सांगू?"

बाबांनी डाव्या हातानं ओले ओठ पुसले.

"ते राहू दे, मास्तर. डाव जिंकलास का?"