ठिपकीनं लोण्याचं नाव घेतलं

एक होती ठिपकी. मांजराचं पिल्लू. एवढुस्सं!

सगुणाकाकू रोज ताक घुसळायची. घुर्र घुम, घुर्र घुम! लोणी आलं की एक बोट ठिपकीला.

पण एक होतं हं. घुर्र घुम चालू असेपर्यंत लोण्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की लोणी बुजतं.

आज ठिपकीनं डेऱ्यात डोकावलं. काहीतरी पांढरं दिसलं.

"लोणी आलं!"

गुडुप! लोणी गेलं.

"कुणी गं नाव घेतलं?" काकूनं दोरी टाकली.

ठिपकीनं कान पाडले. आता लोणी कध्धीच नाही आलं तर?

दुडुदुडु गेली डेऱ्याकडे.
"डेरेदादा, लोणी दे ना!"
"आधी रवी फिरेल, मग मी देईन."

दुडुदुडु गेली रवीकडे.
"रवीताई, फिर ना! डेरा लोणी देईना."
"आधी दोरी ओढेल, मग मी फिरेन."

दुडुदुडु गेली दोरीकडे.
"दोरीमावशी, ओढ ना! रवी फिरेना. डेरा लोणी देईना."
"आधी काकू धरेल, मग मी ओढीन."

दुडुदुडु गेली काकूकडे.
"काकू, धर ना! दोरी ओढेना. रवी फिरेना. डेरा लोणी देईना."
"तूच का गं ती बडबडी? दृष्ट लागली माझ्या डेऱ्याला! आधी चूल पेटेल, मीठ-मोहरी तडतडेल, मग मी धरीन."

दुडुदुडु गेली चुलीकडे.
"चूलआजी, पेट ना! काकू धरेना. दोरी ओढेना. रवी फिरेना. डेरा लोणी देईना."
चूलआजी राखेत पेंगत होती.
"आधी कुणी फुंकेल, मग मी पेटेन."

फुंकायचं? ते कसं? ठिपकीला कुठं ठाऊक!

"म्यांव," केलं. नाही पेटली.
"म्यांऽऽव," केलं. नाहीच पेटली.
ठिपकीला रडूच आलं. ती अजून जवळ गेली. अगदी जवळ.

ताड्! निखारा तडकला.

बाई गं! ठिपकी घाबरली. पाठीची कमान. शेपटीचा झाडू.
"फिस्स्स्स्!"

भप्प! चूल पेटली.

काकूनं मीठ-मोहरी डेऱ्यावरून ओवाळली, चुलीत टाकली. तड तड तड!
काकूनं दोरी धरली. दोरीनं ओढलं. रवी फिरली. घुर्र घुम, घुर्र घुम!

ठिपकीनं दोन्ही पंजे तोंडावर दाबले. गप्प. अगदी गप्प.

घुर्र घुम... घुर्र... घुम...

डुब्बुक! वर आला पांढराशुभ्र गोळा!

"ये गं घाबरट," काकू हसली. "फिस्स केलंस म्हणून पेटली हो चूल!" आणि तिनं बोट पुढं केलं.

चाट चाट चाट!

बोटावरचं लोणी संपलं. गोष्टही संपली.